विचारणीचा ओटा

जरा टेका इथं. धाप लागली असेल, चढ आहेच तसा मेला. पण त्या ओट्यावर नको, या कडेच्या दगडावर बसा. मोहाच्या झाडाखाली तो सारवलेला ओटा दिसतोय ना, त्यावर पाड्यातलं कुणी बसत नाही, पाहुण्यालाही बसू देत नाहीत. देवाचा म्हणाल तर त्यावर देव नाही. त्याला विचारणीचा ओटा म्हणतात. वर्षातून एकदा खालून एक माणूस येतो, त्यावर बसतो, एक प्रश्न विचारतो, उत्तर घेतो आणि जातो. असं का, ते सगळेच विचारतात. सांगतो. पण या गोष्टीत आनंदाचं फारसं काही नाही, मागाहून बोल लावू नका.

हे खाली पाणी पसरलंय, त्याच्या पोटात जुना आसणपाडा होता. कोकणा लोकांची कुडाची घरं, उतारावर नागली-वरईची शेतं, नदीकाठाला थोडं भात. त्या पाड्यात जमनी भोये नावाची बाई होती. नवरा कारभारी होता, तो गेला, आणि त्याच्यामागं पाड्याची कारभारीण तीच झाली. कुणी नेमली नाही, लोक विचारायला तिच्या दारी जायचे एवढंच. डोंगरातलं गवत कधी कापायचं, कनसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, नव्या दाण्याचा नैवेद्य कधी दाखवायचा, रुसून माहेरी गेलेल्या सुनेला आणायला कुणी जायचं. जमनी ऐकून घ्यायची, हातातलं काम चालू ठेवायची आणि मग बोलायची. तिच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही, असं सांगतात. तिलाही त्याचा अभिमान होता. असायचाच की.

आणि एके दिवशी जीपगाड्या आल्या.

एका जीपमधून एक गोरा साहेब उतरला. उंच, घामानं लालबुंद झालेला. त्याच्या देशातल्या बँकेनं म्हणे आपल्या सरकारला धरणासाठी पैसा द्यायचा होता, आणि त्या बँकेचा एक नियम होता की जिथं धरण बांधायचं तिथल्या आदिवासींना आधी विचारायचं. साहेब विचारायलाच आला होता. लोकांनी त्याला जमनीच्या ओट्यावर आणून बसवलं. त्यानं पाणी घेतलं, नागलीची भाकर घेतली, मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं. मग बरोबरच्या दुभाष्याकडून विचारलं, "बाई, इथं धरण बांधलं तर चालेल का? तुमची घरं, शेतं पाण्यात जातील."

जमनी म्हणाली, "नाही."

दुभाष्यानं सांगितलं. साहेबानं मान हलवली, हात जोडले आणि हसतमुखानं निघून गेला.

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या पाड्यात पोरीला मागणी घालायला पाहुणे आले की पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही. नाही म्हणायचं, जेवू घालायचं आणि वाट बघायची. त्या पाहुण्यांना पोरगी खरंच हवी असेल तर ते पुन्हा येतात. आणि दुसऱ्या खेपेला खरं बोलणं होतं. काय देता, काय घेता, पोरीला कसं ठेवाल, सगळ्या अटी तेव्हा घालायच्या. पहिलं 'नाही' म्हणजे दार लावणं नव्हे. पुन्हा या, असं सांगणं असतं ते.

तर जमनीनं साहेबाला 'नाही' म्हटलं ते या रीतीचं. मनातून तिला तो माणूस आवडला होता. जंगलखात्याचे शिपाई येत, कोंबड्या नेत, लाकडं धरत, त्यांच्यातल्या कुणी कधी 'घेऊ का?' म्हणून विचारलं नव्हतं. हा इतक्या लांबून, समुद्र ओलांडून नुसता विचारायला आला. "रीतीचा माणूस आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "पुन्हा येईल. तेव्हा आपली अट घालू."

अट तिनं ठरवूनही ठेवली होती. धरण नकोच असं ती म्हणणार नव्हती. खालच्या मुलखाला पाणी हवं, हे तिला कळत होतं. धरणाची भिंत पुरुषभर उंचीनं कमी ठेवा, एवढंच ती सांगणार होती. म्हणजे भाताची खाचरं गेली तरी घरं, नागलीचा उतार आणि देवाची जागा पाण्यावर राहिली असती. ती स्वतः नदीत उतरून, काठी धरून, चढ-उतार बघून आली होती. त्या एका अटीवर सगळा आसणपाडा तगणार होता, आणि ती घालायला फक्त पाहुण्यानं पुन्हा यायला हवं होतं. तिनं ओटा सारवून ठेवला. एक कोंबडा त्या पाहुण्यासाठी म्हणून राखून ठेवला, एरवी कापायचा नाही.

पलीकडच्या पाड्यांतली माणसं तालुक्याला मोर्चा घेऊन निघाली तेव्हा ती आसणपाड्यालाही बोलवायला आली. जमनीनं त्यांना परत पाठवलं. "मागणी चालू असताना पाहुण्याच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या? असं कुठं असतं का?" म्हणाली. पाड्यातल्या लोकांनी ऐकलं. ती चुकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि ती चुकत होती हो! तुम्हाला-मला आज कळतंय, तिला कसं कळावं?

साहेब पुन्हा आला नाही. त्याच्याऐवजी ट्रक आले, सुरुंग आले, परगावचे मजूर आले. भिंत वर चढायला लागली. लोक जमनीकडं जाऊन विचारायचे, "आता गं?" ती म्हणायची, "काही घरचे आधीच मांडव घालतात, म्हणून काय लग्न लागलं? यायचेत अजून." म्हणायची खरी, पण रोज वाटेकडं बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले. कोंबडा म्हातारा झाला. एकदा तर ती भिंतीपाशी जाऊन मुकादमालाच म्हणाली, "साहेबाला निरोप द्या, आमचं बोलणं राहिलंय." मुकादम चांगला होता बिचारा. त्यानं सांगितलं, "बाई, तुम्हाला विचारून झालंय की. सगळ्यांना माहीत आहे, आसणपाड्याला विचारलं म्हणून."

विचारलं. काय उत्तर आलं ते कुणी विचारलं नव्हतं.

भिंत पुरी झाली आणि त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. आधी खाचरं गेली, मग नागली, मग एका दुपारी पाणी घरांच्या कुडाला लागलं. बायाबापड्यांनी जाती, कोंबड्या, म्हातारी माणसं उचलली आणि या टेकडीवर चढवली. घरांचे सागाचे वासे काढायलासुद्धा सवड मिळाली नाही, कारण काढायला नको, थांबा, असं जमनीनंच सांगितलं होतं. कुणी बुडालं नाही, एवढंच काय ते नशीब. पण जे राहिलं ते सगळं डोळ्यांदेखत गेलं.

जमनीला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते तिच्याकडं यायचे बंद झाले. पावसाळा संपला, डोंगरावरचं गवत पिवळं पडलं, आणि पुरुषमाणसं आपापसात ठरवून कापायला गेली. तिला विचारलं नाही. वरच्या झोपडीच्या दारात तिनं नवा ओटा घातला होता, हाच तो. त्यावर ती एकटी बसून राहायची आणि रडायची. उघड रडायची, लपवायची नाही.

दिवाळी झाल्यावर कालव्याला पहिलं पाणी सोडायचा समारंभ ठरला. खाली मोठा मांडव, हार, भोंगे. मोठे साहेब आले, देशी आणि गोरेही. त्यांनी हात लावला आणि कालव्याच्या दाराचं चाक फिरेना. इंजिनियरांनी जोर लावला, तेल घातलं, पहारी घातल्या, एकमेकांवर खेकसले. चाक ढिम्म. पुढारी मंडळी ताटकळली आणि शेवटी जेवायला बसली.

सुकदेव नावाचा नवा पाटकरी होता तिथं. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण आणि वाटप करणारा माणूस. हा खालच्या गावचा, पण अंडी घ्यायला पाड्यात यायचा आणि जमनी डोकरीचं, म्हणजे म्हातारीचं, बोलणं अपुरं राहिलंय हे त्यानं ऐकलं होतं. तो कुणाला काही न सांगता हा चढ चढून वर आला, चपला काढल्या आणि ओट्यावर बसला. "मावशी," म्हणाला, "चाक फिरत नाहीये. पाणी सोडू का?"

जमनी बघतच राहिली. इतकी वर्षं ज्या दुसऱ्या खेपेची वाट बघितली ती अशी आली होती, अंडीवाल्या पाटकऱ्याच्या तोंडून! सगळा पाडा गोळा झाला. "अट घाल, अट घाल," बाया कुजबुजल्या. पण कसली अट घालणार? भिंत तर उभी झाली होती. घरं टेकडीच्या पायाशी पाण्यात होती. जमनीनं बराच वेळ खाली बघितलं आणि मग म्हणाली, "नाही." आणि आत जाऊन त्याच्यासाठी भाकर टाकली.

सुकदेवनं ती खाल्ली, हात धुतले आणि खाली गेला. त्यानं चाकाला हात लावला आणि ते फिरलं, असं सांगतात. इंजिनियर म्हणतात, दारात लाकडाचा ओंडका अडकला होता, तो सुटला. असेलही. आमची म्हातारी माणसं मात्र वैतागून म्हणायची, देवसुद्धा सरकारचाच निघाला, त्यालाही नुसतं विचारलेलं पुरलं. उत्तराचं त्यालाही काही पडलेलं नव्हतं.

पण त्याच संध्याकाळी पाड्यातला एक माणूस जमनीच्या दारी आला, ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, उरलेलं गवत कधी कापायचं?" तिनं सांगितलं.

पुढच्या वर्षी सुकदेव पुन्हा आला. सवय म्हणा, धास्ती म्हणा. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. तो विचारायचा, ती नाही म्हणायची, तो भाकर खायचा आणि खाली जाऊन पाणी सोडायचा. पाणी खालच्या द्राक्षांना जायचं. आसणपाड्याच्या बाया मात्र हंडे घेऊन हाच चढ उतरायच्या आणि चढायच्या. एकदा जमनीची सून चिडली. "एवढी वर्षं नाही म्हणून काय मिळालं? हो म्हणून टाका ना एकदाचं! सुटेल तरी."

"हो म्हटलं की पोरगी गेली," जमनी म्हणाली. "मग त्या घरी पुन्हा विचारायला कोण येतंय?"

सून हंडा उचलून चढ उतरायला लागली.

जमनी अखेरच्या आजारात होती तेव्हाची गोष्ट. पाणी सोडायचा दिवस उजाडला आणि सुकदेव येऊन ओट्यावर बसला. बाज दारात आणली. त्यानं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलले नाहीत. लोकांना वाटलं तो आता उठून जाईल. उत्तर ठाऊकच होतं, आणि उत्तरानं कधी काही बदललंही नव्हतं. तो उठला नाही. ऊन चढलं. खालून शेतकरी आले, ओरडून गेले. कचेरीची जीप आली, त्यातला साहेब चढ चढून वर आला आणि संतापून म्हणाला, "अरे, मांडलंय काय हे? पाणी का सोडलं नाहीस?"

सुकदेव उभा राहिला, पण जागचा हलला नाही. "साहेब, विचारलंय," तो म्हणाला. "उत्तर यायचंय."

साहेबानं बाजेकडं बघितलं, भोवती बसलेल्या माणसांकडं बघितलं आणि काय झालं कुणास ठाऊक, तोही त्या दगडावर बसला, तुम्ही बसलाय तिथंच. उन्हं कलल्यावर जमनीनं डोळे उघडले, सुकदेवकडं बघितलं, आणि मान हलवली. नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं तसं त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणे. ती गेली त्याच आठवड्यात.

आता तिच्या नातसुनेचं घर विचारणीचं आहे, उत्तर तीच देते. पाटकरी बदलले, काही आपणहून आले, काहींना म्हाताऱ्या पाटकऱ्यांनी दटावून पाठवलं. यानं काय फरक पडतो म्हणाल, तर काही नाही. पाणी जायचं ते जातंच, चढ आहे तेवढाच आहे, हंडे आहेत तेवढेच आहेत. पण आजही पाणी सोडायच्या दिवशी पाटकरी ओट्यावर बसला की पाड्यातल्या बाया मुद्दाम उशीर करतात. चूल सावकाश पेटवतात, पीठ पुन्हा पुन्हा मळतात, भाकर दोन्ही अंगांनी निवांत भाजतात. तोवर कालवा कोरडा पडून असतो, आणि खालचा सगळा मुलूख आसणपाड्याच्या उत्तरासाठी थांबलेला असतो.