देवाच्या घोड्याची झूल

मुलांनो, इंग्रजीत ‘ट्रॅपिंग्ज’ असा एक शब्द आहे. आज तो वरवरच्या थाटामाटाला, डामडौलाला वापरतात. मुळात मात्र घोड्याच्या पाठीवर घालायच्या नक्षीदार झुलीला तो शब्द होता. घोड्यांवरून तो माणसांवर कसा आला, हे मला विचारू नका. आजूबाजूला पाहिलेत तर तुमचे तुम्हालाच कळेल. मी आपली एका घोड्याची गोष्ट सांगतो.

एका टेकडीवरच्या देवळात एक पांढरा घोडा राहत असे. दर सोमवारी मखमली झूल घालून त्याला पालखीपुढे मिरवीत. बायका त्याच्या खुरांवर पाणी घालीत, म्हातारे त्याच्या पायांवर डोके ठेवीत. एकदा झूल धुऊन वाळत घातली होती, म्हणून तो उघड्या पाठीनेच तळ्यावर गेला. कोणी हातसुद्धा जोडले नाहीत. उलट एक बाई खेकसली, “हो तिकडं! पाणी गढूळ करतोय मेला.” हे त्याच्या फार मनाला लागले. त्या दिवसापासून मोतद्दार झूल उतरवायला आला की घोडा लाथा झाडी. मोतद्दाराचेही आयतेच काम वाचले. त्याने झूल तशीच राहू दिली.

झुलीखाली घाम साचला, कातडे सोलवटले, जखम चिघळली. वास पहिल्यांदा कावळ्याला आला. कावळा तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, “घोडेदादा, पाठ सडतेय तुमची. झूल काढू द्या, जरा ऊन लागू द्या, जखम सुकेल.”

“आणि मग मला नमस्कार कोण करील?”

“कोणी नाही. पण जगाल तरी!”

“तू जन्माचा उष्ट्यावर जगणारा. मान म्हणजे काय, तुला काय ठाऊक?” घोडा फणकारला. कावळा उडून गेला. पालथ्या घड्यावर किती वेळ पाणी ओतायचे?

पुढे यात्रेच्या दिवशी ऐन पालखीसमोर घोडा कोसळला. एकच ओरडा झाला, “धावा, धावा! झूल चिखलात जाईल!” माणसे धावली. त्यांनी झूल अलगद सोडवली आणि खालची पाठ पाहून नाकाला उपरणी लावली. झूल रिठ्याच्या पाण्यात स्वच्छ धुतली आणि पुढच्या सोमवारी एका तरण्या घोड्यावर चढवली. म्हातारे त्याच्याही पायांवर डोके ठेवू लागले. घोडा बदलला आहे, हे पुष्कळांच्या लक्षातही आले नाही.

जुना घोडा देवळामागच्या उकिरड्यावर पडून होता. ताशा वाजला तसा तो सवयीने उठला आणि लंगडत पालखीच्या वाटेवर येऊन उभा राहिला. मोतद्दाराने काठी उगारली. “हाकला रे हे मरतुकडं! देवाचा घोडा येतोय, दिसत नाही?”

तात्पर्य : झुलीला केलेला नमस्कार आपला मानू नये. झूल धुऊन दुसऱ्याच्या पाठीवर जाते. जखम तेवढी आपल्या वाट्याला उरते.