शेवटची ओंजळ

भाविकहो, समदास महाराज निंबदरीस येऊन राहिले त्या वर्षी गावातले पाणी आटले होते आणि विश्वंभरभट जोशांचे यजमानही. महाराजांच्या ओंजळपंथात भट नाही, मुहूर्त नाही, सोवळे नाही. लग्न असो की बारावे, विधी एकच. प्रत्येकाने आपल्या ओंजळीतून शेजारच्याला पाणी पाजायचे, मग तो कोणत्याही जातीचा असो. स्वतःच्या हाताने कोणी प्यायचे नाही.

लोक तिकडे वळले तसे भटजींच्या पोटात दुखू लागले. मत्सर हा असा रोग, की दुसऱ्याचे बरे पाहवतही नाही आणि पाहिल्यावाचून राहवतही नाही. ते दिवसभर दारात उभे राहून मठाकडे जाणारी माणसे बघत.

चैत्रात पंथाचा मेळा भरला. पाणी आणायची पाळी सगुणाबाईची होती. टोपल्या विणून पोट भरणारी ही विधवा सकाळीच बारवेवर गेली, तर भटजींनी बारवेच्या दाराला कुलूप ठोकलेले. बारव त्यांच्या मालकीची, आणि गावात पाणी उरले होते ते तेवढ्या तिथेच.

"सगुणे, टोपलीतून ने की पाणी," ते हसले. "आज तुमचा मेळा कोरडाच उठतो बघ."

कोणी कुलूप फोडील म्हणून ते दुपारपर्यंत उन्हात तिथेच बसले. स्वतःला तहान लागली तरी दार उघडले नाही. न जाणो, लोकांनी पाणी भरून घेतले तर!

इकडे सगुणाबाई घरातला एक तांब्या घेऊन महाराजांपुढे रडत उभी राहिली. "महाराज, माझ्या पाळीला पंथ बुडाला. तीनशे मान्सं हायती आन पानी एवढंच."

महाराज म्हणाले, "बाई, तुला पाजायचंय शेजारच्या एकाला. एकापुरतं आहे ना? मग पुष्कळ झालं."

तिने पहिल्याला पाजले. तांब्या हातोहात पुढे गेला. पन्नास झाले, शंभर झाले, तीनशे झाले. काय सांगावे! एकाच्याही वाट्याला रिता तांब्या आला नाही.

मेळ्याची फजिती पाहायला भटजी येऊन रांगेच्या टोकाला उभे राहिले होते. शेवटच्या माणसाला पाजण्याचा मान पाणी आणणारीचा. सगुणाबाईने ओंजळ भरून त्यांच्यापुढे धरली.

"प्या भटजीबुवा. तोंड सुकलंय तुमचं."

भटजी म्हणाले, "सगुणे, मला तुमचा हेवा वाटत होता. सगळं गाव इथं, आणि मी एकटा तिथं."

महाराज म्हणाले, "ते मागाहून सांगा. पाणी गळतंय."

दुसऱ्याच्या ओंजळीतले पाणी ताठ मानेने पिता येत नाही. विश्वंभरभटांनी सगुणाबाईच्या हातांवर मान लववली.