धूळ कुठनं येते

"सांग, आज कुठनं आली?"

मठाच्या येसूमाईंनी फरशीवरून बोट फिरवलं आणि वैजनाथसमोर धरलं. बोटाला राखाडी भुकटी लागली होती.

वैजनाथ बघत राहिला. ही फरशी त्याने काल दोनदा पुसली होती. पहाटे झऱ्यावर आंघोळीला जाण्याआधी पुन्हा एकदा पुसली होती. तासाभरात तो परत आला, तर ही हजर.

"उदबत्तीची राख असेल," तो म्हणाला.

"असंल," माई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मठात उदबत्ती बंद झाली. दुसऱ्या सकाळी धूळ होतीच.

मठ म्हणजे लाल मातीच्या टेकाडावरची एक लांबट खोली आणि तिच्या मधोमध एक लाकडी खांब. वर्षानुवर्षं तिथली जमीन शेणाने सारवलेली होती. गेल्या साली एका भक्ताने हौसेने पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत टाइल्स बसवून दिल्या. तेव्हापासून त्या खोलीत मुंगी चालली तरी दिसते.

वैजनाथ तिथे सहा महिन्यांपूर्वी आला. त्याआधी तो औषधांच्या एका कारखान्यात होता. तिथे एका बंद खोलीत हवासुद्धा गाळून सोडत, आणि आत जाणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकून जाई. त्या खोलीतली धूळ मोजणारा साहेब म्हणजे वैजनाथ. आल्या दिवशी त्याने माईंना हे आधी सांगितलं आणि स्वतःचं नाव नंतर.

"घरी कोन हाय?" माईंनी विचारलं होतं.

"आप्पा आहेत. वडील. बोलणं नाही आमचं."

"का रं?"

"जाऊ द्या ते. धुळीतून वर आलोय मी, माई. आता मला उपदेश हवा."

"बघू," माई म्हणाल्या होत्या.

पाच महिने त्यांनी बघितलं. मग एका सकाळी ही राखाडी धूळ दिसली, आणि माई म्हणाल्या, "ही कुठनं येते ते सांग. त्याच दिवशी उपदेश."

वैजनाथ मनातल्या मनात हसला. असला सोपा प्रश्न! धुळीच्या बाबतीत त्याला विचारायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. दोन दिवसांत उत्तर देतो, असं तो म्हणाला, आणि हात धुऊन धुळीच्या मागे लागला.

"छपरातून पडते," तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं.

माईंनी वर बघितलं. "कौलं लाल हायत."

"मग अंगणातून उडत असेल."

"अंगनबी लालच हाय, वैजू."

ते खरं होतं. मैलभर चहूकडे लाल माती. ही मात्र राखाडी, आणि चिमटीत धरली तर कचकचणारी. त्याने खिडक्यांना ओली फडकी बांधली. खराटा बाहेर ठेवला, कारण कोरडं झाडलं की धूळ हवेत उडते आणि आपली पाठ वळली की परत बसते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बायाबापड्या माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आपापला केर काढायच्या. त्याने फरशी ओल्या फडक्याने पुसली, दर वेळी फडकं खळबळून घेतलं, बादलीतलं पाणी चारदा बदललं.

धूळ आलीच.

ती सगळीकडे नसे, हे आणखी चमत्कारिक. दारापासून खांबापर्यंत एक पट्टा. खांबापाशी जास्त. खांबाला टेकून वैजनाथची वळकटी असायची, आणि त्या वळकटीभोवती सगळ्यांत जास्त.

"माझ्याच अंथरुणापाशी का?" त्याने वैतागून विचारलं. "मी तर सगळ्यांत स्वच्छ."

"हं," माई म्हणाल्या.

"आणि त्यात रेघा असतात. अर्धगोल. कुणीतरी कोरड्या फडक्याने पुसल्यासारख्या. पण पुसणारा माणूस धूळ मागे ठेवून कसा जाईल?"

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या... मग त्यांनी चुलीत लाकूड सरकवलं.

"तुम्हाला माहीत आहे, माई?"

"मी तुला इचारतीया."

वैजनाथला काही कळेना. रात्रंदिवस तोच विचार. जेवताना त्याची नजर ताटात कमी आणि फरशीवर जास्त. एवढं शिकलेला माणूस चिमूटभर भुकटीपुढे हरतो, याची त्याला लाज वाटू लागली. कधी वाटे, म्हातारी आपली चेष्टा करते आहे. कधी वाटे, हीच मुठीने टाकत असेल. एकदा त्याने चोरून माईंच्या ओच्याकडेही बघून घेतलं.

मग त्याने उपाय बदलला. कुठून का येईना, येऊच द्यायची नाही.

दारात ओलं गोणपाट अंथरलं. दुसऱ्या दिवशी पट्टा निम्म्यावर आला. खांब कोरा, वळकटी कोरी.

"कमी झाली!" तो आनंदाने म्हणाला.

"व्हय," माई म्हणाल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

त्याने दुसरं गोणपाट टाकलं. पायरीपाशी पाण्याची बादली, तांब्या आणि पाय घासायला वजरी ठेवली. आता धूळ उंबऱ्याच्या आत वीतभर. तिथेही त्या रेघा होत्याच, लहान लहान.

"अजून वीतभर राहिली, माई."

"बास की आता, वैजू. तेवढी ऱ्हाऊ दे."

वैजनाथ चक्रावला. महिनाभर रोज बोट दाखवणारी बाई आता म्हणते, राहू दे! ही परीक्षाच असणार, असं त्याने ठरवलं. शिष्याने अर्ध्यावर सोडू नये, म्हणून गुरू असं बोलतात.

त्याने एक फळी रंगवली. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: पाय स्वच्छ धुतल्याशिवाय आत येऊ नये. फळी अंगणात रोवली, वाटेवरून दिसेल अशी.

पुढच्या सकाळी तो झऱ्यावरून आला, पाय धुतले, उंबऱ्याशी वाकला आणि ओरडलाच.

"माई! नाही! आज धूळच नाही!"

माई आतून आल्या. गुडघे टेकून बसल्या. उंबऱ्यापासून खांबापर्यंत बोट फिरवत गेल्या आणि बोट उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

वैजनाथ हात जोडून उभा राहिला. आता उपदेश.

माई त्या बोटाकडे फार वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"आज न्हाई आला तर..."

"कोण?"

"चाचं आधण ठिवलं हुतं मी. दोन कपांचं."

"कोण नाही आला, माई?"

"त्या रेघांचं काय म्हनायचास तू?"

"कोरड्या फडक्याने पुसल्यासारख्या. पण..."

"आनि फडकंच धुळीचं असलं तर?"

हा प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. उत्तर तोंडातून आपोआप आलं.

"मग पुसलं तरी जात नाही. उलट पसर..."

तो थांबला.

हे वाक्य तो आधी एकदा बोलला होता. पुण्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. कारखान्यातले साहेब सहकुटुंब आले होते. आप्पा गावाकडच्या क्रशरवर खडी फोडायचे. रात्रपाळी संपवून तसेच एसटीत बसून ते दारात आले, केसांपासून पायांपर्यंत राखाडी, हातात पेढ्यांचा पुडा. लखलखीत फरशीवर त्यांची चार पावलं उमटली. वैजनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पा, ही काय वेळ आहे? आधी पाय धुऊन या." आप्पा ओशाळले. खाली बसले आणि खांद्यावरच्या पंच्याने आपलीच पावलं पुसू लागले. पुसतील तेवढ्या अर्धगोल रेघा.

"राहू द्या आप्पा, उलट पसरतंय," वैजनाथ म्हणाला होता.

आप्पा पुसत पुसत मागे सरकले, उंबऱ्याबाहेर गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

वैजनाथने मठातल्या कोऱ्या फरशीकडे बघितलं.

"आप्पा...?"

"पलीकडच्या क्रशरवर कामाला लागलाय, तिथंच खोलीत ऱ्हातो. म्हैना झाला. तुझा पत्ता हुडकत आला." माई पदराने डोळे पुसत होत्या. "तू झऱ्यावर गेलास की यायचा. रातपाळी सुटली की तसाच. वळकटीपाशी बसायचा. वैजू जेवतो का, झोप लागती का त्याला, एवढंच इचारायचा. आनि जाताना पुसून जायचा. म्हनायचा, पोराला धूळ खपत न्हाई."

"माझ्यासमोर का नाही आले?"

"तूच सांगितलंवतंस की, पाय धुऊन या. त्याची धूळ धुवून जातीया व्हय रं? चाळीस वर्सांची हाय."

 वैजनाथ उंबऱ्यावर बसला.

"काल तू फळी लावलीस," माई म्हणाल्या. "त्याला वाचता येतं. चवथीपातूर शिकलाय."

"माई, मला सांगितलं का नाही?"

"त्यानं शपथ घातलीवती. तरीबी रोज इचारत हुते की तुला."

वैजनाथने मान खाली घातली आणि तो रडला. लपवून नाही, लहान पोरासारखा मोठ्याने. माईंनी त्याला रडू दिलं.

मग तो अंगणात गेला. फळी हलवून हलवून उपटली. रात्री दव पडलं होतं, माती ओली होती. घोट्यापर्यंत पाय लाल झाले. फळी त्याने सरपणावर टाकली. गोणपाटं उचलली.

क्रशर टेकडीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर होता. निघायचं, तर सवयीने तो पायरीपाशी बादलीकडे वळला. तांब्या भरला आणि वाकला.

"काय करतोस?" दारातून माईंनी विचारलं.

"पाय... मातीचे आहेत. आप्पांच्या खोलीत जायचंय."

"तिथं कोबा हाय. सगळा राखाडी."

"म्हणूनच तर. लाल पावलं उठतील सगळीकडे." तांब्या हातातच राहिला. तो बावचळून माईंकडे बघू लागला. "आत घेतील का मला, माई?"

माई पायरी उतरून आल्या. त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पाणी तुळशीत ओतलं.

"तसाच जा," त्या म्हणाल्या. "आनि येताना मागचं पुसत येऊ नगंस."