चौथा घास

"आणि त्याची छत्री उघडली का रे?"

अक्कांनी विचारलं तेव्हा विश्राम शितोळे विमानाच्या पंखावर हात ठेवून उभे होते. सांगण्याच्या भरात त्यांना प्रश्न ऐकूच आला नाही.

विमान त्यांचं होतं. म्हणजे सरकारचं, पण लढाईत ते यातूनच उडाले होते. आता ते या संग्रहालयात, दोराच्या कुंपणात, चकचकीत रंगवून उभं केलेलं होतं. वैमानिकाच्या बैठकीखाली एक लाल चांदणी काढली होती. पाडलेल्या एका विमानाची ती खूण. येणारेजाणारे तिच्यासमोर फोटो काढत होते.

शितोळे माणूस भला, पण सदऱ्याची कडक इस्त्री त्यांच्या मनालाही होती. निवृत्त झाल्यावर ते नदीकाठच्या मठात अक्कांच्या पायाशी बसू लागले. मटण सोडलं, रात्रीचा पेला सोडला. अनुग्रह मात्र अक्का देत नव्हत्या. मागितला की म्हणायच्या, बघू. वर्षानुवर्षं ते 'बघू'च चाललं होतं. मागून आलेल्या एका भाजीवालीच्या कानात अक्कांनी पहिल्याच पौर्णिमेला मंत्र सांगितला, ते शितोळ्यांना फार लागलं होतं.

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही, त्यांनाही या दिवशी घास ठेवतात. अक्का दरवर्षीप्रमाणे सकाळीच शितोळ्यांच्या घरी आल्या होत्या. जेवणं झाल्यावर शितोळ्यांनी हट्टाने त्यांना इथे आणलं. आपण कोण आहोत हे गुरूने एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच इच्छा. पाहिल्यावर तरी त्या 'बघू' म्हणणार नाहीत, असा हिशेब.

"छत्री," अक्का पुन्हा म्हणाल्या. "ज्याला तू पाडलंस, त्याची."

"उघडली ना. पांढरी, मोठी. लांबून पाहिली मी."

हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. लग्नानंतर बायकोने विचारलं तेव्हा दिलेलं. पुढे शाळाशाळांतून, सत्काराच्या व्यासपीठांवरून दिलेलं. हवाई छत्री उघडली, माणूस वाचला म्हटलं की लोकांना बरं वाटे आणि टाळ्या पडत.

अक्का तिथून वळल्या. पलीकडच्या भिंतीवर पडदा होता. त्यावर त्या लढाईच्या चित्रफितीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

काळंपांढरं आभाळ. त्यात ठिपका. ठिपक्याला पंख दिसू लागतात. मग धूर... आणि एकदम कोरा पडदा.

पुन्हा आभाळ. पुन्हा ठिपका.

"हे कुणी काढलं?"

कुणी नाही, असं शितोळ्यांनी समजावून सांगितलं. कॅमेरा विमानालाच बसवलेला असतो, बंदुकीला जोडलेला. चाप दाबला की तो चालू होतो. बोट उचललं की बंद.

"मग पुढचं कुठंय?"

"पुढचं नसतं, अक्का."

"छत्री यात नाही."

"...नाही."

"पण तू पाहिलीस."

आपल्यावर शंका घेतली याचा शितोळ्यांना राग आला. रागाच्या भरात ते नव्या पोरांना शिकवावं तसे बोलू लागले. लढाईत काही नियम असतात. गोळ्या झाडल्या की लगेच वळायचं, निघायचं. काय झालं ते बघत रेंगाळायचं नाही. बघत राहतो तो स्वतः मरतो. त्यांनी हा नियम कधीच मोडला नव्हता, एकदाही नाही...

आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

दालनात पंखे फिरत होते. अक्का पडद्याकडेच पाहत होत्या.

"सकाळी गच्चीच्या कठड्यावर घास ठेवलेस," त्या म्हणाल्या. "वडलांचं नाव घेतलंस. आईचं, धाकट्या भावाचं घेतलंस. चौथा घास ठेवताना गप्प राहिलास."

अक्का पडद्याकडून त्यांच्याकडे वळल्या.

"छत्री उघडली असेल, तर जित्या माणसाला तू दरवर्षी कावळ्याचा घास ठेवतोस. नसेल उघडली..."

 

शितोळ्यांचा पंखावरचा हात खाली आला. कडक इस्त्रीचा तो माणूस बघता बघता म्हातारा दिसू लागला. बोलले तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता.

"डोळे मिटले की जप राहतो बाजूला. हेच दिसतं, अक्का. धुरापर्यंत. मग कोरं... त्या कोऱ्यात छत्री मीच काढली. तिच्याशिवाय झोप येईना."

"आली?"

"नाही."

रडू आवरायला त्यांनी मान फिरवली. समोर ती लाल चांदणी होती, म्हणून पुन्हा इकडे वळले. मग चारचौघांत हात जोडून म्हणाले, की आता मला मान नको, काही नको. मंत्र द्या आणि यातून सोडवा.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. जवळ आल्या. मग खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली वाकवलं.

शितोळ्यांना प्रघात ठाऊक होता. त्यांनी डोळे मिटले आणि कान पुढे केला. गुरूचे ओठ आता कानाशी येतील, म्हणून श्वास रोखून धरला.

काहीच ऐकू आलं नाही.

डोळे उघडले तर अक्कांनी पदर मागे सारून आपलाच कान त्यांच्या ओठांशी धरला होता.

"मी काय सांगू?" शितोळे गोंधळून म्हणाले.

"छत्री उघडली का?"

पडद्यावर धूर आला, पडदा कोरा झाला. पुन्हा आभाळ आलं. शितोळ्यांचे ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले.

"मला माहीत नाही."

"अजून एकदा."

"मला माहीत नाही... मी वळून पाहिलं नाही."

अक्का सरळ झाल्या. पदर डोक्यावर घेतला.

"झाला अनुग्रह."

थट्टा तर नाही ना, हे शितोळ्यांना समजेना. अक्कांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शितोळ्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तसेच काही वेळ वाकलेले राहिले.

तेवढ्यात दालनात शाळेची सहल शिरली. बाईंनी शितोळ्यांना ओळखलं. विमानासमोरच्या पाटीवर नाव आहे ते हेच, असं त्यांनी मुलांना सांगितलं आणि मुलांनी त्यांच्याभोवती गराडा घातला. एका मुलीचं मात्र लक्ष पडद्याकडे होतं. पडदा कोरा झाला तशी ती वळली.

"आजोबा, त्यातला माणूस वाचला का?"

शितोळ्यांचं तोंड सवयीने उघडलं. छत्रीची पांढरी घडी ओठांवर आली आणि तिथेच अडली. त्यांनी मुलांच्या डोक्यांवरून अक्कांकडे पाहिलं. त्या दाराकडे निघाल्या होत्या.

"अक्का," त्यांनी काकुळतीने हाक मारली. "गुरूनं दिलेला मंत्र चारचौघांत उच्चारू नये म्हणतात..."

अक्का दारात थांबल्या.

"हा लपवायचा नसतो, विश्राम."