कागदात गुंडाळलेला ग्लास

पुण्यातल्या एका बियरप्रेमी मंडळात घाटपांड्यांच्या जिभेचा भलताच दरारा होता. मंडळाची रीत अशी, की सभासदाने घरी बनवलेल्या बियरच्या ग्लासावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि परदेशी बियरचा ग्लास कागदात गुंडाळायचा. सात वर्षं जयंत आपली बियर घेऊन आला आणि सात वर्षं घाटपांड्यांनी नाक मुरडलं.

जयंत गेला. महिन्याभराने त्याची बायको रेवती बैठकीला आली आणि तिने घाटपांड्यांपुढे दोन ग्लास ठेवले.

चिठ्ठीवाला ग्लास चाखून ते म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये वहिनी, पण ही कच्चीच राहिली." मग कागदातल्या ग्लासाचा घोट घेऊन त्यांनी डोळेच मिटले. "वा! ही बेल्जियमची. जयंतला हे कधी साधलं नाही."

"दोन्ही ग्लास त्याच्याच शेवटच्या बाटलीतले आहेत," रेवती म्हणाली.

घाटपांड्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... मग मंडळाचं यंदाचं पदक जयंतलाच देऊ या!"

"पदक राहू द्या, घाटपांडेसाहेब. तुमचं हे एक 'वा' ऐकायला तो सात वर्षं इथे येत होता. आज ते मिळालं, पण आता घरी जाऊन सांगू कोणाला?"