होडीच्या चार फटी

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की ती सांगणाऱ्या आजीलाही तिच्या आजीकडून ऐकूनच ठाऊक होती.

एका खाडीच्या तोंडाशी ख्रिस्ती कोळ्यांचं गाव होतं. पुरुष समुद्रावर जात, बाया मासळी सुकवत आणि विकत. गावाच्या मधोमध चुन्याने रंगवलेलं लहानसं चर्च होतं; त्याला ते देऊळच म्हणत. रविवारी सगळं गाव तिथे जमे आणि मोठ्याने गाणी म्हणे. वाऱ्याशी बोलून बोलून त्या लोकांचे आवाज राकट झाले होते. सूर कुणाचाच कुणाशी जुळत नसे.

अपवाद एकच. बस्त्याव सुतार.

बस्त्याव होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. हात चांगला होता, पण गळा त्याहून चांगला. देवळात तो पुढे उभा राहून पहिली ओळ उचलायचा, तेव्हा रडणारी तान्ही मुलंसुद्धा गप्प व्हायची. लोक म्हणायचे, "देवाने आपल्या गावाला मासे बेताचे दिले, पण बस्त्याव दिला." हे ऐकून बस्त्याव मान खाली घालायचा. पण ऐकायला त्याला आवडायचं, हेही खरं.

पावसाळा सरत आला, की त्या गावात मोठा सण असे. त्या दिवशी पाद्रीबाबा किनाऱ्यावर येऊन एकेका होडीवर पवित्र पाणी शिंपडत, आणि दुसऱ्या दिवशी होड्या समुद्रात जात. त्या वर्षी सणाला शेजारच्या तीन गावांची माणसं येणार होती. बस्त्यावने सणासाठी नवं गाणं रचलं होतं. रोज दुपारी तो गाणाऱ्यांना देवळात जमवायचा आणि संध्याकाळपर्यंत घोटून घ्यायचा. एखाद्याचा सूर ढळला, की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच दिवसांत रेजीन आजीची होडी त्याच्या कामाच्या मांडवात दुरुस्तीला होती.

रेजीन आजीचा नवरा समुद्रानेच नेला होता. दुमिंग आणि पावलू हे तिचे दोन मुलगे. दोघांची लग्नं झालेली, दोघांना लेकरं. सगळ्यांचं पोट त्या एका होडीवर.

होडीच्या दोन फळ्यांमध्ये जी फट असते, ती बुजवणं हे वेळखाऊ काम. आधी जुना कुजलेला कापूस उकरून काढायचा. फट कोरडी करायची. मग नव्या कापसाचा पीळ बोथट पटाशीने आणि मोगरीने ठोकून ठोकून आत बसवायचा, आणि वरून राळ आणि तेलाचा लेप द्यायचा. शेवटी होडीत पाणी भरून कुठून गळतं का ते बघायचं. बस्त्यावने पंधरा फटी अशा नीट बुजवल्या. मागच्या बाजूच्या, तळाजवळच्या चार तेवढ्या राहिल्या. एकेका फटीला एकेक दिवस लागला असता, आणि सण तर परवावर आला होता.

बस्त्यावने त्या चार फटींतला जुना कापूस तसाच ठेवला. वरून जाडसर लेप दिला. त्यावर रंग मारला. होडीत पाणी भरून बघायचं होतं, तेही राहूनच गेलं. होडी नव्यासारखी दिसू लागली.

त्याची बायको आग्नेस जेवण घेऊन मांडवात आली. कोपऱ्यात कापसाचा पीळ पडलेला तिला दिसला.

"एवढा कापूस उरला कसा?" तिने विचारलं.

"उरतो कधी कधी."

"तुमचा उरत नाही कधी. मागच्या फटी झाल्या का?"

बस्त्याव हात धूत होता. म्हणाला, "अगं, देवाचं गाणं बसवायला चाललोय. होडीत थोडं इकडचं तिकडे झालं, तर देव घेईल सांभाळून."

"देव सांभाळील हो," आग्नेस म्हणाली. "पण फट कोण बुजवील?"

देवळात घुमट वाजू लागला होता. घुमट म्हणजे त्यांच्याकडचं मडक्यासारखं मातीचं वाद्य, तोंडाला चामडं लावलेलं. त्याचा आवाज ऐकला, की बस्त्यावचा पाय एका जागी ठरत नसे. तो तसाच निघाला.

सण थाटात झाला. नवं गाणं असं रंगलं, की पाहुण्या गावांतली म्हातारी माणसं डोळे पुसू लागली.

"दर्या तुझा, वारा तुझा,
होडी तुझी, हात तुझे..."

ही ओळ तर लोकांनी तीनदा म्हणायला लावली. मग पाद्रीबाबांनी होड्यांना आशीर्वाद दिला. रेजीन आजीने गर्दीतून वाट काढत येऊन बस्त्यावचे दोन्ही हात धरले. "तुझं गाणं ऐकलं नि मनातली भीती गेली बघ," ती म्हणाली. बस्त्याव हसला. पण तिने हात सोडले तेव्हा त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या.

दोन दिवस लेप टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी लाटांच्या माराने तो सुटला आणि मागच्या बाजूने पाणी आत येऊ लागलं. पावलू तपेलीने पाणी उपसत होता, दुमिंगने सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं होतं. पण उपसलं त्याच्या दुप्पट पाणी येत होतं. किनारा डोळ्यांना दिसत असताना होडी खाली गेली. दोघे भाऊ एका वल्ह्याला धरून राहिले. गावातल्याच दुसऱ्या होडीने त्यांना गाठलं. पावलूला वर ओढत असताना लाट आली, ती होडी कलंडली, आणि त्याचा उजवा पाय तिच्या काठाखाली सापडून चिरडला.

दोघे जिवंत परत आले. होडी आणि जाळी मात्र गेली. पावलूचा पायही पुन्हा सरळ होणार नाही, असं हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं.

सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. दुमिंग थरथरत म्हणाला, "खडकाला लागली असणार. दुसरं काय? परवाच तर दुरुस्त केलेली."

कुणीतरी बस्त्यावकडे वळून विचारलं, "काय रे, खडकच ना?"

बस्त्यावने नजर समुद्राकडे वळवली. "हो," तो म्हणाला. "खडकच."

त्या दिवसापासून त्याला घास गिळवेना. मांडवात गेला, की मोगरी उचलायचा आणि परत खाली ठेवायचा. आग्नेसने त्याला काही विचारलं नाही. ती विचारत नव्हती, हेच त्याला जास्त लागत होतं.

रविवार आला. दोन जीव वाचले म्हणून देवाचे आभार मानायचे होते. देऊळ दारापर्यंत भरलं. पावलूला चौघांनी बाजेवरून आणलं आणि अगदी पुढे ठेवलं. पाद्रीबाबा म्हणाले, "बस्त्याव, सणाला म्हटलंस तेच गाणं म्हण. त्या गाण्याला आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळायचा नाही."

बस्त्याव उभा राहिला. घुमटावर थाप पडली. त्याने सूर उचलला, आणि तो नेहमीसारखाच लागला. एवढं सगळं होऊनही आपला आवाज जराही कापत नाही, याची त्याला स्वतःलाच भीती वाटली.

"दर्या तुझा, वारा तुझा, होडी तुझी..."

त्याची नजर खाली गेली. बाजेवर पावलू डोळे मिटून त्याच्याबरोबर गात होता. पायाची कळ आली, की ओठ दाबायचा आणि पुन्हा गायचा.

"हात तुझे" हे शब्द बस्त्यावच्या तोंडून निघाले नाहीत.

घुमट थोडा वेळ वाजला आणि थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले. बस्त्याव म्हणाला, "होडी खडकाला लागली नाही. मागच्या चार फटी मी बुजवल्याच नव्हत्या. जुना कापूस तसाच ठेवून वरून लेप दिला. पाणी भरून बघितलंही नाही. गाणं बसवायची घाई होती. आणि त्या दिवशी किनाऱ्यावर मी खोटं बोललो."

देवळात एकदम कल्लोळ झाला. दुमिंग मुठी आवळून उठला. दोघातिघांनी त्याला धरलं. कुणी म्हणालं, याला गावाबाहेर काढा. पाद्रीबाबांनी हात वर केला, पण त्यांचं ऐकतंय कोण?

रेजीन आजी उठली, तेव्हा लोक गप्प झाले. नुकसान तिचं होतं, बोलायचा मान तिचा.

"चारच फटी?" तिने विचारलं.

"चारच, आजी."

"बाकीच्या नीट होत्या?"

"नीट होत्या."

"म्हणजे तुला काम येत नव्हतं असं नाही," आजी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बस्त्यावला सोपं गेलं असतं. "गाणं राहू दे आता. खाली बस."

बस्त्याव खाली बसला. आभाराचं गाणं त्या दिवशी एका मासळीवालीने उचललं. तिचा आवाज फाटका होता, लोकांनी तो कसाबसा सांभाळून घेतला. बस्त्याव त्यांच्यात गायला नाही.

दुसऱ्या दिवशी तो रेजीन आजीच्या दारात गेला. म्हणाला, "घराला माडी चढवायची म्हणून लाकूड जमवलंय. त्याची होडी बांधून देतो."

दुमिंग आतूनच म्हणाला, "आम्हाला नको त्याच्या हातची होडी."

आजी म्हणाली, "त्याच्याच हातची हवी. पण प्रत्येक फट मी बघणार. आणि होडी होईस्तोवर माझी नातवंडं तुझ्या घरी जेवतील."

"जेवतील," बस्त्यावच्या मागे उभी असलेली आग्नेस म्हणाली.

होडी व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. रेजीन आजी रोज मांडवात येऊन बसायची. पावलू कुबडी टेकत यायचा. समुद्रावर तो आता जाऊ शकत नव्हता, पण बसून हात चालवता येत होते. पहिले चार महिने तो बस्त्यावशी एक शब्द बोलला नाही. पाचव्या महिन्यात म्हणाला, "दादा, पटाशी द्या इकडे." बस्त्यावने दिली. त्यानंतर पावलू पीळ ठोकायला शिकला, आणि चांगला शिकला.

एकदा पाद्रीबाबा मांडवात डोकावले. म्हणाले, "बस्त्याव, वर्ष होत आलं. देवळात पुढे ये आता. तुझ्याशिवाय गाणं पार कोलमडलंय बघ. लोकही आठवण काढतात."

बस्त्यावने हातातलं काम थांबवलं नाही. "बाबा, आधी मला वाटायचं, देव देवळात बसून माझं गाणं ऐकतो आणि मांडवात त्याचं काही काम नसतं. आता पटाशी धरली, की तो समोर बसलाय असं वाटतं. ही सवय जरा मुरू दे. मग बघू."

पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं नाही.

होडी तयार झाली, तेव्हा तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. रेजीन आजी दिवसभर तळाखाली हात फिरवत राहिली. संध्याकाळी तिने कोरडा तळवा दुमिंगला दाखवला. दुसऱ्या दिवशी शीड बांधायला बस्त्यावला हाक मारली ती दुमिंगनेच.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. बस्त्याव देवळात मागच्या बाकावर पावलूशेजारी बसायचा आणि सगळ्यांबरोबर हळू आवाजात म्हणायचा. पुढे म्हणून तो कधी गेला नाही.

मग एका उन्हाळ्यात रेजीन आजीने अंथरूण धरलं. आपण आता उठत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिने दोन्ही मुलांना जवळ बोलावलं. म्हणाली, "मला नेताना गाणं बस्त्यावने म्हणायचं."

दुमिंग म्हणाला, "आई, त्याचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नाही."

"ते मला कळतंय," आजी म्हणाली. "पण आता त्याला गाता येतं."

बस्त्याव तिच्या पेटीपुढे गात चालला. वरचा सूर त्याला लागला नाही. गळा दोनदा अडकला, तेव्हा दुमिंगने ओळ पुढे नेली. वाहवा कुणी केली नाही. सगळं गाव मात्र त्याच्या आवाजात आवाज मिसळून गात होतं, देवळापासून थेट दफनभूमीपर्यंत.

म्हणून, लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: हाताने कुचराई केलेलं काम गळ्याने भरून निघत नाही, कारण देवाची उपासना जशी गाण्यात होते, तशीच रोजच्या इमानी कामातही होते.