गोंदानं चिकटवलेलं बाळ

"फादर, सुरीचं पातं कुठून घालू?"

विल्फ्रेडनं विचारलं खरं, पण आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

निवृत्त फादर जोकिम ओट्यावर उन्हात बसले होते. समोर टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली सागवानी गव्हाण, आणि तिच्यात निजलेला बाळ येशू. नाताळानंतरचा तीन राजांचा सण काल झाला होता. गावातले नाताळच्या देखाव्याचे गोठे मोडले होते, कंदील उतरले होते.

विल्फ्रेडच्या गोठ्याला चर्चच्या साऱ्या धर्मग्रामात पहिलं बक्षीस मिळालं होतं. ही गव्हाण कोरायला त्यानं दोन महिने घातले होते, आणि ते सांगायला तो कधी विसरला नाही. फादरांच्याच हाताखाली शिकून तो आता मुलांना धर्मशिक्षण द्यायचा. पोरं बाळाला उचलून मुके घेतात, मूर्ती खराब होते, म्हणून यंदा त्यानं अक्कल लढवली. बाळ गव्हाणीला गोंदानं पक्कं चिकटवून टाकलं.

"लांबूनच बघा," असं तो येईल त्याला बजावायचा.

आता त्याची बायको रेजिना इस्पितळात होती. पोटात गाठ. उद्या सकाळी ऑपरेशन. तिनं एकच मागितलं होतं, "तेवढं बाळ घेऊन या. उशाशी ठेवीन."

सकाळी त्यानं सुरी घालून बघितली. बाळाची करंगळी तुटून खाली पडली. तशीच गव्हाण घेऊन तो इथं आला होता.

"फादर... हे काही चिन्ह तर नाही ना?"

"कसलं?"

"रेजिनाचं..."

फादरांनी गव्हाण जवळ ओढली.

"नाताळात देवळात प्रार्थनेला सगळ्यांच्या वर आवाज लावला मी. आज 'हे आमच्या बापा' म्हणायला गुडघे टेकले, तर 'तुझी इच्छा पूर्ण होवो' इथं जीभ अडली. पुढं जायची भीती वाटते, फादर. त्याची इच्छा वेगळीच असली तर?"

फादर बाळाच्या पाठीखालून बोट फिरवत होते.

"काहीतरी बोला ना!"

"बाळ चिकटवलं कुणी?"

"मीच."

"का?"

"कुणी उचलू नये म्हणून."

"बरं," फादर म्हणाले. "नाही उचललं कुणी."

फादर उठले. गुडघा धरत आत गेले आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन आले. विल्फ्रेडनं दोन्ही हात बाळावर धरले.

"फादर, नको! फुटेल तो!"

"त्याला कोण हात लावतंय? गव्हाण मोड."

"गव्हाण?... अहो, पण ही..."

फादरांनी कोयता त्याच्यापुढं धरला. तसाच धरून ठेवला.

इस्पितळात भेटायची वेळ चारची होती. विल्फ्रेडनं कोयता घेतला. पहिला घाव वायाच गेला. दुसऱ्या घावाला कडेची फळी उडाली, तिच्यावरच्या कोरीव पानांसकट. मग तो थांबला नाही. रडत रडत त्यानं एकेक फळी सोडवली, तळाचं लाकूड कडेकडेनं तासलं. शेवटी बाळ हातात आलं तेव्हा त्याच्या पाठीला सागाची एक ढलपी तेवढी चिकटून राहिली होती.

स्कूटरवर कुठं ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी शर्टाचं बटण काढून त्यानं ते छातीशी आत सरकवलं. ढलपी टोचली. त्यानं ती तशीच राहू दिली.

फाटकापाशी जाऊन तो वळला.

"फादर, भीती काही गेली नाही. हात बघा कसे थरथरतायत. असल्या हातांनी नेऊ मी त्याला?"

फादर जोकिम ओट्यावरच्या फळ्या गोळा करत होते. त्यांनी वर बघितलं.

"हेरोद राजाचे शिपाई बाळाला मारायला मागं लागले, तेव्हा मरियेचे हात काय थरथरत नव्हते?... पोर तिनं खाली ठेवलं नाही."